मासानोरीची वेळ सातची

माझा राग अख्ख्या बेटाला ठाऊक आहे. नवरा गेल्यापासून विजेच्या सामानाचं दुकान मी एकटी ओढतेय. दिवा बदलायचा असो, फ्रिज हलवायचा असो, टीव्हीवर चित्र दिसत नसो, "किनुएला बोलवा" हे ठरलेलं. पोरं बहुतेक ओसाकाला नाहीतर तोक्योला, आणि इथं उतारावरच्या संत्र्यांच्या बागा आणि आम्ही म्हातारे. मी जाते, दुरुस्त करते आणि करता करता ओरडते. माझं ओरडणं कोणी मनावर घेत नाही, उलट निघताना हातात संत्र्यांची पिशवी ठेवतात.

त्या फेब्रुवारीत तोमेमावशी दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "किनुए, मला इंटरनेट शिकव."

"कशाला?"

"शिकायचंय."

वय त्र्याऐंशी. मला वाटलं, नातवंडांशी बोलायचं असेल. तिचा मुलगा मासानोरी ओसाकात असतो. मावशी नोव्हेंबरात अंगणात घसरून पडली, तेव्हा त्यानं घाबरून तिच्या घरी इंटरनेट घेतलं आणि बसायच्या खोलीत कपाटावर कॅमेरा लावून घेतला. लावला मीच. चेंडूएवढा पांढरा गोळा. त्याला तिकडे मोबाईलवर आई दिसते, तिचं बोलणं ऐकू येतं, आणि तो बोलला की त्याचा आवाज त्या गोळ्यातून येतो. जो तो म्हणाला, मुलगा असावा तर असा. मीही म्हणाले.

"बरं. वायफाय म्हणजे काय, माहितेय?"

"इंटरनेट."

"नाही!" इथंच माझं डोकं फिरतं. अख्खं गाव हीच चूक करतं. "इंटरनेट बाहेर असतं, मावशी. रस्त्यावरच्या खांबावरून तुझ्या घरात तार आलीय ना, त्यातून ते येतं. वायफाय म्हणजे घरातल्या घरात, बिनतारी, डबीपासून मोबाईलपर्यंत. बाहेरची तार तुटली तरी मोबाईलवर वायफायच्या रेघा भरलेल्याच दिसतात. मग तुम्ही मला फोन करता, किनुए, रेघा आहेत पण चालत कसं नाही? अगं, विहीर आटली तर नळ चकचकीत असून काय उपयोग?"

"ओरडू नकोस. पुढे सांग."

"तुझ्या चपलांच्या कपाटावर दोन डब्या आहेत. पहिली मोडेम. तारेतून जे येतं ते घरातल्या यंत्रांना कळेल असं करून देते. दुसरी, शिंगं असलेली, तो राउटर. तो वाटप करतो. टीव्हीनं मागितलेलं टीव्हीला, मोबाईलनं मागितलेलं मोबाईलला. घोटाळा नको म्हणून प्रत्येक यंत्राला एकेक नंबर देतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. नाहीतर तुझं टपाल हिसाएच्या घरी जायचं."

हिसाएचं नाव निघालं तशी मावशीनं मान खाली घातली. मी बोलण्याच्या भरात होते, माझं लक्ष गेलं नाही.

"आणि तो कॅमेरा?"

"तेही एक यंत्रच. त्यालाही नंबर आहे."

"तो काय मागतो?"

"तो फारसं मागत नाही, तो पाठवतो. बाहेरून घरात येतं ते डाउनलोड. घरातून बाहेर जातं ते अपलोड. कॅमेऱ्याचं काम बहुतेक अपलोडचं."

"म्हणजे माझ्या घरातलं बाहेर जातं."

"हो."

"सरळ मासानोरीकडे?"

"सरळ नाही, आधी क्लाउडवर. ढगबिग काही नसतो हं तो. कॅमेऱ्याच्या कंपनीचे कुठेतरी मोठमोठे संगणक असतात, तिथं साठतं. मासानोरी तिथून बघतो. आत्ताचंही दिसतं, कालचंही दिसतं."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

"मला काय माहीत!"

मावशी म्हणाली, "माझं झोपणं, कवळी काढून ठेवणं, पाठीला मलम लावताना उघडं बसणं. तुलाही माहीत नाही अशा ठिकाणी साठतं." आवाज चढवला नव्हता तिनं.

"मग काढ की प्लग! एवढं काय त्यात?"

"काढला होता. लगेच फोन आला. म्हणाला, आई, पडलीस का? मी म्हटलं, नाही रे, नको वाटतं ते. तर म्हणाला, पुन्हा कॅमेरा बंद दिसला तर मी समजेन की तुला एकटीला जमत नाही. बेटाबाहेर, पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात मार्चमध्ये खोली रिकामी होतेय. बोलून ठेवलंय त्यानं."

"तो असं म्हणाला?"

"आणि हिसाए यायची बंद झालीय," मावशी म्हणाली.

हिसाए म्हणजे तिची तीन घरं सोडून शेजारीण. साठ वर्षांची मैत्री. आमच्या बेटावर दार ठोठावत नाहीत आणि दाराला कुलूपही लावत नाहीत. दार सरकवायचं, "आहेस का गं" म्हणायचं आणि आत यायचं. मावशीच्या घरी रोज दुपारी हिसाए आणि आणखी दोघीतिघी पांघरूण घातलेल्या, खालून विजेनं तापणाऱ्या टेबलाखाली पाय घालून बसायच्या. चहा, मुळ्याचं लोणचं आणि ज्याच्या त्याच्या घरची उणीदुणी. बाईला पोटातलं ओकायला एक जागा लागते, ती ही होती. जानेवारीत हिसाए तिथं बसून सुनेबद्दल बोलली. आमच्याकडे अंग बाहेर धुऊन मग टबात बसतात, तेच पाणी घरभर पुरवतात. पण सून आपली अंघोळ झाली की टबातलं गरम पाणी सोडून देते, सासूसाठी ठेवत नाही, आणि मग म्हातारी थंडीत गार पाण्यानं पाय धुते. एवढंच. वर बसलेल्या गोळ्यानं ते ऐकलं. ओसाकात मासानोरीनं ऐकलं. त्याला गंमत वाटली, आणि हिसाएचा मुलगा त्याचा शाळेतला दोस्त, त्याला फोन करून त्यानं हसत हसत सांगितलं. हिसाएच्या घरात वणवा पेटला. मुलगा आईशी बोलेना, सून रडून रडून माहेरी निघाली. भिंतीला कान असतात म्हणतात, इथं कपाटालाच फुटले होते.

"आता कोणीच येत नाही," मावशी म्हणाली. "चुकून आल्याच तर वर बघतात. आणि हा चारचौघींत मला दटावतो. आई, लोणचं नको, मीठ असतं त्यात. आई, खिडकी लाव. मेलेला सासरा परत येऊन बोलतोय असं वाटतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओसाकात बसून उंटावरून शेळ्या हाकतो, आणि गाव त्याला श्रावणबाळ म्हणतं! मी त्याला तिथल्या तिथे फोन लावणार होते. मावशीनं माझा हात धरला.

"भांडायला नाही आले मी. शिकायला आले. तू म्हणालीस, राउटर वाटप करतो. कोणाला द्यायचं, कोणाला नाही, ते कोण ठरवतं?"

"मालक सांगेल तसं."

"घर कोणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या."

"मग सांग त्याला."

आणि मग मला आठवलं. राउटरमध्ये एक सोय असते, आईबापांसाठी केलेली. पोरं रात्रभर खेळत बसू नयेत म्हणून. यादीतून यंत्र निवडायचं, वेळ लिहायची. त्या वेळेबाहेर राउटर त्या यंत्राचं बाहेरून काही आणत नाही आणि बाहेर काही नेतही नाही. प्लग काढायला नको, तार तोडायला नको. मी सांगितलं आणि मला हसू फुटलं.

मावशी हसली नाही. तिनं विचारलं, "किती वयापर्यंतच्या मुलांना चालतं ते?"

"राउटर वय विचारत नाही, मावशी."

रविवारी दुपारी मी दुकानातला टॅबलेट घेऊन तिच्याकडे गेले. दोन्ही डब्या दाराशीच, चपलांच्या कपाटावर. राउटर उलटा केला, तळाच्या चिकटपट्टीवर कारखान्यातला पासवर्ड छापलेला होता. मासानोरीनं तो बदललाच नव्हता. आईवर अष्टौप्रहर पहारा, आणि पहाऱ्याच्या चाव्या डबीच्या बुडाला चिकटवलेल्या! मावशीला मी हळूच म्हटलं, "हा वायफायचा पासवर्ड नव्हे हं. वायफायचा पाहुण्यांना द्यायचा असतो. हा राउटरच्या आतल्या खोलीचा. हा कोणाला द्यायचा नाही." तिनं नवा घातला, स्वतःच्या बोटांनी, एकेक अक्षर शोधत. काय घातला ते मी बघितलं नाही.

तेवढ्यात खोलीतून आवाज आला. "किनुएताई? तुम्हीच ना? अर्ध्याच दिसताय. काय चाललंय तिकडे?"

"धूळ पुसतेय!" मी ओरडले.

"पुसताना वायर हलवू नका हं. आणि आईला दारात उभी करू नका, गार वारा येतो."

मी दात खाल्ले. टॅबलेटवर यादी आली होती. मावशीचा मोबाईल, टीव्ही, कॅमेरा. मावशीनं कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. वेळ विचारली तेव्हा मी म्हटलं, एकही मिनिट देऊ नकोस. तिनं नाही म्हणून मान हलवली. "सकाळी सात ते आठ. संध्याकाळी सात ते नऊ. काळजी करतं लेकरू. तेवढं बघू दे."

"आई," गोळा बोलत होता, "ऐकतेस ना? पायात मोजे घाल. तुला मी किती वेळा सांगि—"

मावशीनं "जतन करा" दाबलं होतं. वाक्य तिथंच तुटलं. वर गोळ्यावर हिरवा दिवा होता तो केशरी झाला.

लगेच फोन वाजला. मावशीनं तो तीनदा वाजू दिला आणि मग उचलला. "बंद नाही पडला," ती म्हणाली. "तुझी वेळ संपली. सातला ये." आणि ठेवून दिला. मग त्यानं मला फोन केला, आई भ्रमिष्ट झालीय का, अॅम्ब्युलन्स बोलावू का. मी म्हटलं, "बोलाव की! तिला सांग, म्हातारीनं स्वतःच्या घराचं दार लावलंय, या पळत!" त्यानं रागानं फोन आपटला. मोबाईल आपटता येत नाही, तरी मला तो आपटलेला ऐकू आला.

मला वाटलं, झालं काम. मी हिसाएला बोलवायला तिच्या घरी गेले. दार सरकवलं तर सरकेना. कुलूप! साठ वर्षांत त्या दाराला मी कुलूप बघितलं नव्हतं.

"हिसाएकाकी, मी आहे, किनुए. चल, तोमेमावशी वाट बघतेय. तो कॅमेरा बंद केलाय."

"कशावरून?" ती आतून म्हणाली.

"दिवा केशरी झालाय."

"केशरी म्हणजे बंद, असं तू म्हणतेस. तो लावलाही तूच ना? तेव्हा काय म्हणाली होतीस? आईची काळजी घेणारं यंत्र आहे. मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही त्या यंत्रानं. जा तू."

दारावर लाथ मारावीशी वाटली, पण लाथ खायच्या लायकीचं ते दार नव्हतं. मी परत आले. मावशीनं चार पेले मांडून ठेवले होते. तिनं माझ्या मागे बघितलं, कोणी नाही असं बघून दोन पेले उचलून ठेवले. आम्ही दोघी चहा प्यायलो. लोणचं कोणी खाल्लं नाही.

संध्याकाळी अंधार पडायच्या सुमाराला गाडी थांबल्याचा आवाज आला आणि दार धाडकन सरकलं. मासानोरी. ओसाकाहून एका दमात गाडी हाणत आलेला, डोळे लाल, काखेत वृद्धाश्रमाचं चकचकीत माहितीपत्रक.

"आई! हा काय पोरखेळ आहे? मी इंटरनेटच्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, राउटरमध्ये मुलांसाठीची वेळमर्यादा लावलीय! मी छप्पन्न वर्षांचा आहे!"

"राउटर वय विचारत नाही," मावशी म्हणाली. "बूट काढ."

त्यानं बूट काढले, पण राग उतरला नाही. माझ्याकडे वळला. "किनुएताई, हे तुमचं काम."

"शिकवलं मी. बोट तिचं."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? ती दुपारी पडली तर? मला काही झालं तर कळायला नको? मी तिकडे ऑफिसात बसून जीव मुठीत धरून असतो! दर तासाला बघतो. झोप लागत नाही मला!" खोटं बोलत नव्हता तो, आणि म्हणूनच मला आणखी राग आला. काळजी खरी असली की माणसाला वाटतं, आपलं सगळंच बरोबर.

"मासा," मावशी म्हणाली, "नोव्हेंबरात मी पडले तेव्हा मला कोणी उचललं?"

त्यानं काखेतलं माहितीपत्रक टेबलावर पसरलं.

"बोल ना. कोणी उचललं?"

"हिसाएकाकूंनी."

"दार सरकवून आत आली, मी दिसले नाही म्हणून मागच्या अंगणात गेली, आणि एक्याऐंशी वर्षांच्या त्या बाईनं मला पाठीवर घेऊन घरात आणलं. तिला तू घालवलीस. तिच्या न्हाणीघरातलं पाणी तू तिच्या मुलाच्या कानात नेऊन ओतलंस, आणि हसलास. हा महिनाभर मी पडले असते, तर तू बघितलं असतंस, खरंय. उचललं कोणी असतं?"

वर केशरी दिवा तसाच होता. मासानोरीची नजर तिकडे गेली, मग टेबलावरच्या दोन रिकाम्या पेल्यांवर आली.

"मी नुसतं सहज—"

"सहजच. बाहेर जातं ते परत आत ओढून घेता येत नाही. मला किनुएनं शिकवलंय ते. अपलोड म्हणतात." ती त्याच्यावर ओरडली, अगदी माझ्यासारखी, खरंच ओरडली. "जा हिसाएकडे. फोन नको करूस. पायांनी जा. दाराला कुलूप आहे तिच्या, तुझ्यामुळं आहे. बाहेर उभा राहा आणि स्वतःच्या तोंडानं माफी माग. आणि ती आली नाही तर इकडेही येऊ नकोस. त्या मार्चमधल्या खोलीत तूच जाऊन राहा!"

तो गेला. बूट उलटसुलट घालून गेला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तीन घरांपलीकडून हिसाएचा आवाज आला, आणि देवा, काय आवाज तो! त्याच्या शाळेतल्या नापास होण्यापासून डोक्यावरच्या टकलापर्यंत तिनं काही शिल्लक ठेवलं नाही. आजूबाजूच्या दोन खिडक्या उघडल्या. मावशी डोळे मिटून ऐकत होती. मी तर उठून दारात जाऊन उभी राहिले, गार वारा येत असूनही.

मी आत येऊन बसले, आणि शेवटी दार सरकलं. "आहेस का गं?" हिसाए म्हणाली, आणि आत आली. मागे मासानोरी, मान खाली, हातात तिच्या लोणच्याची बरणी. टेबलावर ते माहितीपत्रक पसरलेलं होतं. हिसाएनं त्याच्या हातातून बरणी घेतली आणि त्या माहितीपत्रकावरच ठेवली. खाली ओला गोल उमटला, आणि ते कोणी उचललं नाही.

तिनं पाय पांघरुणाखाली घातले, चहाचा घोट घेतला, वर कपाटाकडे एकदा बघितलं. "तर काय सांगत होते मी," ती म्हणाली, महिन्याभरापूर्वीचं वाक्य काल सोडल्यासारखं उचलून. "माहेराहून परतल्यापासून सून टबात पाणी ठेवते. पण कोमट! मुद्दाम कोमट!"

मासानोरी टेबलाच्या कोपऱ्याशी मावशीशेजारी बसला होता. हसला नाही, शहाणा झाला होता तेवढा. मावशीनं त्याच्यापुढे लोणचं सरकवलं आणि म्हणाली, "खा. मीठ असतं त्यात."

हिसाए आणखी काय काय बोलली ते मी इथं सांगणार नाही.

सात वाजले आणि वरचा दिवा हिरवा झाला. हिसाए बोलता बोलता थांबली. त्याच वेळी मासानोरीच्या खिशात मोबाईल वाजला, हालचाल दिसली की वाजतो तसा. सवयीनं त्यानं तो काढला आणि बघायला लागला. मी शेजारीच होते, मलाही दिसलं. पडद्यावर वरून दिसणारी खोली, टेबल, तीन बायका, आणि मावशीशेजारी खाली मान घालून मोबाईल बघत बसलेला एक टक्कल पडलेला माणूस.

त्याला तो कोण, ते कळायला थोडा वेळ लागला.

"मासा," मावशी त्याच्या अंगावर खेकसली, "खाली ठेव तो. मी इथं बसलेय."